मुकुटाचे पाच मणी

प्रिय बाबा,

दसऱ्यानंतर तुम्ही गेलात. सहा महिने होऊन गेले आणि मी तुम्हाला एक ओळही लिहिली नाही. मनातल्या मनात रोज बोलतेच की, मग लिहायचं कशाला, असं म्हणायचे. पण आज दुपारी गरिमाचा फोन आला आणि मनातलं बोलणं पुरेना. जे सांगायला मला चार वर्षं मिळाली होती, तुम्ही समोरच्या पलंगावर बसलेले होतात, ते तेव्हा सांगितलं नाही. आता कागदावर सांगते आहे. यात धीटपणा काही नाही, बाबा. तुम्ही वाचणार नाही हे ठाऊक आहे, म्हणून तर लिहवतं आहे.

आधी गरिमा कोण ते सांगते. तुमच्याबरोबर रेल्वेत गार्ड होते ते दुर्गचे मुळेकाका, त्यांची नात. नवा रायपुरला कॉलेजात शिकते, तिथेच होस्टेलवर राहते. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत. आपल्याकडच्या सगळ्याच पोरांचं आता तसं झालं आहे. शहराचं आकाश वर्षावर्षाला कसं उजळत गेलं, तारे कसे पुसले गेले, यावर तिला काम करायचं होतं. मुळेकाका तिला म्हणाले, "रायपुरात गार्डसाहेबाच्या वह्या आहेत. चाळीस वर्षांच्या. जा, सुनूआत्याले माग."

ती फाल्गुनात आली. मी कपाटातून अकराही वह्या काढून टेबलावर ठेवल्या. तिने पहिली उघडली आणि तिचा चेहरा काय झाला सांगू! "आत्या, ये तो खजाना है!" मला इतका आनंद झाला, आणि त्याच क्षणी इतकी भीती वाटली, की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच गॅस लावला आणि बंद केला.

तुम्हाला आठवतं, हे सगळं कुठून सुरू झालं? मालगाडीच्या अगदी शेवटच्या डब्यात तुम्ही एकटे. एक कंदील, एक सुरई, आणि सिग्नल मिळेना म्हणून तास तास जंगलात उभी राहिलेली गाडी. "करू तरी काय वं?" तुम्ही म्हणायचात. "वाचावं तं उजेड नाही. झोपावं तं नोकरी जाते. मंग वरतं पाहत बसलो." असं किती जणांना जमतं, बाबा? दुसऱ्या गार्डांनी बिड्या ओढल्या. तुम्ही सप्तर्षी शिकलात.

मग चौबे कॉलोनीत हे घर झालं, डोक्यावर स्वतःची गच्ची आली, आणि तुम्ही पहिली वही आणलीत. मी तेव्हा कॉलेजात होते. पहिल्याच उन्हाळ्यात तुम्ही मला गच्चीवर उभं करून बोटाने रस्ता दाखवला होता: सप्तर्षींच्या शेपटीचा बाक धरून पुढे जायचं, की तांबूस स्वाती लागते. स्वातीच्या जरा पुढे, अर्धवट फुटलेल्या बांगडीसारखा उत्तर मुकुट. सात मणी. एक मोठा, सहा बारीक. "हे आपलं माप," तुम्ही म्हणालात. "रोज पाहाचं अन् मोजाचं. ज्या दिवशी साताचे सहा होतील त्या दिवशी समजाचं, गाव मोठं झालं."

आणि त्या मुकुटाजवळचा तो पाहुणा! ऐंशी वर्षांतून एकदा पेटणारा तारा, एरवी डोळ्यांना न दिसणारा, पेटला की मोठ्या मण्याएवढा. तो तुमच्या हयातीत येणार म्हणून तुम्ही किती खूश होता! म्हणून रोज संध्याकाळी दोन प्रश्न. पाहुणा आला का? आणि मणी किती? अक्तीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, पूर्वेला जेवणानंतर, दसऱ्यापर्यंत पश्चिमेला दिवेलागणीनंतर. पावसाच्या महिन्यांत वहीत नुसतं "ढग". पण ढग लिहायलासुद्धा वर जायचं. खिडकीतून पाहिलेले ढग तुम्हाला चालत नसत.

"गार्डाची वही अन् ही वही एकच," तुम्ही सांगायचात. "दिसलं ते लिहाचं. न दिसलेलं लिहिलं तं गाडीवर गाडी जाते."

हे मी विसरले नव्हते, बाबा. विसरले असते तर बरं झालं असतं.

तुम्ही अंधारात, जुन्या रेल्वे फॉर्मच्या पाठीवर पेन्सिलीने लिहायचात. अक्षरं एकमेकांवर चढलेली. सकाळी मी ती चिठ्ठी वहीत सुवाच्य उतरवायची. माझं अक्षर सिस्टरांनी चार रेघांच्या वहीत घोटून घेतलेलं, वळणदार, एका मापाचं. घरी पाहुणे आले की तुम्ही तारे दाखवायच्या आधी वही दाखवायचात. "पाहा, छापल्यासारखं! कॉन्व्हेंटमध्ये घातलं होतं पोट्टीले, फुकट नाही गेलं." आई आतून ओरडायची, "अहो, त्यांना चहा तरी पिऊ द्या!"

आणि चिठ्ठ्या? एकदा मी त्या एका डब्यात जमवायला लागले तर तुम्हीच म्हणालात, "उतरवून झालं नं? फाड मंग. दोन दोन पसारे कायले?" मी फाडल्या. तुम्हाला दिसत होतं तोवर रोज सकाळी मी तुमच्या हातचा कागद फाडून कचऱ्यात टाकला. बाबा, का फाडायला लावलंत? एक डबा जागा नव्हती का हो आपल्या घरात?

तुमचा काचबिंदू हळूहळू आला. आधी बारीक मणी गेले, मग मोठा गेला, मग गच्चीचा कठडा गेला. तुम्ही विचारायचात, "हा तारा विझला का माह्या डोळ्यातून गेला?" आणि मी खरं सांगायची. तेव्हा मी खरं सांगायची, बाबा. साताचे सहा तुम्ही स्वतः पाहिले होते, पाचही पाहिले, चारही. मग तुम्ही खाली पलंगावर आणि मी वर गच्चीवर, अशी वाटणी झाली. मी खाली येऊन सांगायची, लिहायची. चार. चार. ढग. चार. तीन.

पहिलं खोटं मला नीट आठवतं. अक्ती होती. शेजारच्या अंगणात मुलांनी पुतरा-पुतरीचं, बाहुला-बाहुलीचं लग्न मांडलेलं, आंब्याच्या पानांचा एवढासा मांडव, आणि एक मुलगी मोठ्या बायकांसारखा आवाज काढून खोट्या विहिणीला "समधिन, बइठ ना!" म्हणत होती. त्या दिवशी सकाळी आपण डॉक्टरांकडे जाऊन आलो होतो. "अब दवा से कुछ नहीं होगा, दादाजी. आराम कीजिए," ते म्हणाले होते. जेवलात अर्धी पोळी. मग नेहमीच्या वेळी विचारलंत, "गेली होती वरतं?"

"हो."

"पाहुणा?"

"नाही."

"मणी किती दिसून राहिले?"

तीन दिसले होते. तेही डोळे बारीक करून. आणि माझ्या तोंडून गेलं, "पाच."

तुम्ही उठून बसलात! "पाच? खरं सांगतं?"

"हो बाबा. हवा स्वच्छ आहे आज. पाच स्पष्ट दिसले."

"मी म्हनलो नव्हतो? थोडी हवा सुधरली की येतात परत. कुठी जातात ते, तिथंच तं आहेत." मग तुम्ही उरलेली अर्धी पोळी मागितलीत, वर गूळ मागितलात. मी तुम्हाला गूळ देताना स्वतःला म्हटलं, एक दिवसाचं तर आहे. उद्या तीन सांगू.

पण दुसऱ्या दिवशी तीन कसे सांगणार? काल पाच आणि आज तीन, असं का, हे तुम्ही विचारलंच असतं. धूळ होती का, चंद्र होता का, तुझा चष्मा पुसला होता का? म्हणून पुन्हा पाच. परवा पाच. कधी खरं वाटावं म्हणून चार. मला हे किती सोपं गेलं, बाबा! पाहुण्याचं उत्तर तर रोज "नाही" असंच होतं, ते खरंच होतं, आणि त्या खऱ्या "नाही"च्या पाठीमागे माझं "पाच" कसं गुपचूप लपून बसायचं!

तुम्ही मुळेकाकांना फोन लावायचात. मी स्पीकर लावून द्यायची.

"काय मुळे, दुर्गात किती?"

"काय किती राजा, एकही नाही. भिलाईच्या भट्ट्यांचा उजेड पाहून राहिलो, लाल लाल."

"हॅट्! आमच्याकडं पाच!"

"रायपुरात पाच? अबे, सुनूनं चष्मा बदलला का गच्ची?"

आणि तुम्ही दोघं हसायचात. मुळेकाका मग मला म्हणायचे, "सुनू, तुह्या डोळ्याले दृष्ट लागू नको देजो." मी म्हणायची, "हो काका."

दयेपोटी केलं, असं म्हणून मी मोकळी झाले असते. पण पत्र लिहिते आहे तर सगळं लिहिते. पहिलं वर्ष मी वर जायची, तीन किंवा दोन पाहायची आणि खाली येऊन पाच सांगायची. दुसऱ्या वर्षी माझे गुडघे धरले. तुम्हाला पावलांचा आवाज ऐकू यायचा, म्हणून मी जिना अर्धा चढायची, वळणावर दोन मिनिटं उभी राहायची, मोबाइलवर शाळेतल्या जुन्या मैत्रिणींचे मेसेज वाचायची, आणि खाली यायची. "पाच, बाबा." दया कुठे होती त्यात? पाय दुखत होते, एवढंच होतं.

आता त्या दिव्याचं सांगते.

बगिच्याच्या कोपऱ्यावर उंच खांबाचा मोठा दिवा लावायचा, हे कॉलनीत किती वर्षं चाललं होतं! दर वेळी कागद फिरायचा आणि आपल्या घरावर येऊन अडायचा. तुम्ही म्हणायचात, "मेरे मरने के बाद लगाना." लोक हसायचे, चिडायचे, पण तारेवाल्या काकांचा मान ठेवायचे. त्या दिवशी वर्माजी कागद घेऊन आले. "अंकलजी, बच्चे अँधेरे में गिरते हैं. पूरी कॉलोनी ने साइन कर दिया. बस आपका घर बचा है."

तुम्ही हात पुढे करून कागद चाचपलात. मग माझ्याकडे तोंड करून म्हणालात, "सुनू, काल किती होते?"

वर्माजी उभे होते. मी म्हणू शकले असते, बाबा, शेवटचे पाहिले तेव्हा दोनच होते. तेही उरतील की नाही माहीत नाही. सही करू नका. एवढं एक वाक्य!

"पाच," मी म्हणाले.

"मंग काय! एवढ्या उजेडातही पाच आहेत, अजून एकानं काय होते?" तुम्ही हसून वर्माजींकडे वळलात. "हव भैया, लगा लो. बच्चे खेलेंगे." सही कुठे करायची ते तुम्हाला दिसत नव्हतं. तुमचं बोट धरून मीच त्या ओळीवर टेकवलं.

तो दिवा पहिल्यांदा लागला त्या संध्याकाळी मी गुडघे धरत धरत पूर्ण वर गेले होते. गच्चीच्या फरशीवर माझी सावली पडली होती, बाबा. काळी, कडक, चांदण्या रात्री पडते तशी मऊ नाही. मी वर पाहिलं. सप्तर्षींतले दोन-तीन कसेबसे होते. मुकुटाच्या जागी काही नव्हतं. मोठा मणीसुद्धा नव्हता.

"कसा आहे उजेड?" तुम्ही खालून विचारलंत.

"बगिच्यापुरताच आहे. खाली पडतो."

"अन् मणी?"

"पाच."

त्यानंतर मी वर गेलेच नाही. कशाला जायचं? शेवटच्या दिवसांत, तुमचा आवाज गेला होता तरी, तुम्ही बोट वर करून विचारायचात. मी कानाशी सांगायची, "पाहुणा नाही आला. मणी पाच." पाहुण्याचं ते "नाही" खरं होतं, कारण जगभरचे लोक त्याची वाट पाहून राहिले आहेत आणि अजून तो आलेला नाही, असं मी मोबाइलवर वाचायची. पण मी स्वतः पाहिलं नव्हतं. तुमच्या नियमाने तेही खोटंच.

तर ही वही मी गरिमाला दिली. अकरावी वही. दहा वह्यांबरोबर, एकही शब्द न बोलता.

पंधरा दिवसांनी ती लॅपटॉप घेऊन आली. मी तांदळाचा वाफवलेला फरा केला होता, तिला आवडतो म्हणून. खाता खाता तिने पडदा माझ्याकडे वळवला. "आत्या, ये देखिए. सात, छह, पाँच, चार, तीन… लाइन नीचे, नीचे, नीचे. और यहाँ देखिए! एकदम ऊपर! पाँच पे आके टिक गई. लॉकडाउन के बाद हवा सुधरी होगी न? सर तो उछल पड़े. बोले, रोशनी बढ़ी फिर भी आसमान सुधर गया, यही तो तुम्हारा पेपर है!" मग ती हळूच म्हणाली, "पेपर में नानाजी का नाम सबसे ऊपर देंगे."

तुम्हाला ती नानाजी म्हणते. मी काय केलं असेल? तिच्या ताटात आणखी दोन फरे वाढले.

त्यानंतरचे आठ दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. तुमचं नाव छापून येणार होतं, आणि त्याच्या खाली लिहिलेलं असणार होतं, की दिवे कितीही लावा, आकाशाला काही होत नाही. ते वाचून कुठल्यातरी दुसऱ्या गावात, दुसऱ्या वर्माजींनी आणखी एक कागद फिरवला असता! तुम्ही ज्या माणसाशी आयुष्यभर भांडलात, तोच माणूस मी तुम्हाला करून ठेवत होते.

नवव्या दिवशी मी तिला बोलावलं आणि सांगितलं. सगळं नाही, जिन्याच्या वळणापर्यंतचं.

"मतलब… आप ऊपर गई ही नहीं?"

"पहिल्या वर्षी जायची. पण तेव्हाही आकडा खरा नव्हता."

"तो ये पाँच?"

"मनातले."

तिने पेन खाली ठेवलं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने पहिली वही ओढली, पानं उलटली, मग चौथी उघडली, मग आठवी. मला वाटलं, काय शोधते आहे ही? "आत्या," ती म्हणाली, "और ये पुरानी वाली? ये भी तो आप ही की राइटिंग है न?"

"अक्षर माझं. डोळे बाबांचे."

"वो मैं मानती हूँ. पर दिखाऊँगी कैसे?"

बाबा, चाळीस वर्षांच्या त्या अकरा वह्यांत तुमच्या हातचं एकही अक्षर नाही. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तेच वळणदार, एका मापाचं अक्षर. तुम्ही खरं पाहिलेले सात आणि मी मनातून काढलेले पाच, दोन्ही सारखेच सुंदर! कुठे तुम्ही संपता आणि मी सुरू होते, ते सांगणारी एकच साक्षीदार आहे, आणि ती खोटं बोलते हे तिनेच सांगितलेलं आहे.

आज दुपारी तिचा फोन आला. "आत्या, सर बोले, एक भी पन्ना नहीं ले सकते. बोले, एक ही हाथ का लिखा है, और वही हाथ…" पोरगी चांगली आहे. "सॉरी आत्या" म्हणाली. सॉरी तिने का म्हणावं?

तिच्या सरांचं बरोबर आहे. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. परीक्षेत नक्कल करताना सापडलेल्या मुलीची बाकीची उत्तरं मी तरी कुठे वाचत होते?

संध्याकाळी मुळेकाकांचा फोन आला. नातीने त्यांना सांगितलं होतं. मला वाटलं, ओरडतील. मी वाट पाहत होते की ओरडावं कुणीतरी. पण त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "काहून वं सुनू? मले तं सांगाचं. मी त्याले नसतं सांगितलं."

"चुकलं, काका."

"इथं दुर्गात एकही दिसत नव्हता पोरी. गार्डसाहेबाचे पाच आयकले की मले वाटे, चला, कुठी तं आहेत." मग त्यांनी फोन ठेवला. मी त्यांचेही पाच नेले, बाबा. ते मोजायचं तर माझ्या ध्यानातही नव्हतं.

आज अक्ती आहे. जेवण झाल्यावर नऊच्या सुमारास मी वर गेले. गुडघ्यांना तेल लावून, कठड्याला धरून, पूर्ण वर. बगिच्यात पोरं बॅडमिंटन खेळत होती, हसत होती. खरं सांगू? त्यांना तो दिवा लागतोच. त्यांच्यावर रागावता येईना. मी दिव्याकडे पाठ केली, हात आडवा धरला, डोळे अंधाराला सरावायला वेळ दिला, जसा तुम्ही द्यायला लावायचात. एकदा वाटलं, मोठा मणी दिसला. पुन्हा पाहिलं. नव्हता. "वाटलं" हे वहीत लिहायचं नसतं, हेही तुमचंच.

खाली येऊन अकरावी वही उघडली. दर ओळीच्या शेवटी एक घर आहे, "पाहणारा". तिथे मी चाळीस वर्षं तुमच्या नावाची दोन अक्षरं लिहीत आले. त्या चार वर्षांतही तीच लिहिली. खोटं मी बोलले आणि सही तुमची घातली! हे मला आज दिसलं. चार वर्षांत एकदाही दिसलं नव्हतं.

मग मी लाल शाईचं पेन घेतलं आणि त्या पहिल्या अक्तीपासून सुरुवात केली. तुमचं नाव खोडायचं, माझं लिहायचं. मण्यांच्या घरातल्या पाचावर रेघ मारायची. त्याजागी काय लिहायचं? त्या पहिल्या ओळीत तीन, तो आठवतो; पुढचे खरे आकडे आठवत नाहीत. म्हणून पहिल्या वर्षाला नुसतं "आठवत नाही", आणि जिन्यातूनच परतले त्या दिवसांना "पाहिलं नाही". एक ओळ, दुसरी ओळ. आज दोन पानं झाली. पानं पुष्कळ आहेत. याने कुणाचा विश्वास बसणार नाही, गरिमाचे सर ही वही पुन्हा उघडणार नाहीत, आणि आधीच्या दहा वह्या मी कितीही शपथा घेतल्या तरी माझ्याच अक्षरात राहतील. त्यांचं खरेपण मला आता कुणालाच परत करता येणार नाही. तुम्हालाही नाही.

एकच सांगते, बाबा, आणि या वेळी सांभाळून सांगते. त्या चार वर्षांतली एकही ओळ मी तुमच्या नावावर राहू देणार नाही. आणि गुडघे चालतात तोवर, आकाश मोकळं असो की ढग, प्रत्येक संध्याकाळी मी शेवटच्या पायरीपर्यंत जाईन. तुमचा पाहुणा आला तरी आपल्या गच्चीवरून तो दिसायचा नाही, हे मला कळलं आहे. लोक सांगतील आला, वर्तमानपत्रात येईल आला, आणि आपल्या वहीत त्या दिवशीही "नाही" असेल. पण ते वर जाऊन लिहिलेलं असेल. आजच्या ओळीत मी तारीख घातली, वेळ घातली, मण्यांच्या घरात शून्य लिहिलं, आणि शेवटच्या घरात माझं पूर्ण नाव.

तुमची,
सुनंदा